रूबेनच्या नावे केलेला कारखाना

इंग्लंडातल्या व्हिटबी बंदराच्या धक्क्यावर देवमाशाच्या तेलाची जी पिंपं चढायची, त्यातली बरीचशी इसाक थ्रेलच्या हातची असायची. तिसरे जॉर्ज गादीवर होते तेव्हाची ही गोष्ट. आमचं घर त्याच्या पिंपांच्या कारखान्याला लागून.

इसाक वारला तेव्हा त्याची मुलगी केझाया तिशीला टेकली होती. मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून माझ्या आईचा अंगठा होता, म्हणून वकिलाने ते तिच्यासमोर वाचलं. घर, कारखाना, अवजारं, सगळं रूबेनच्या, म्हणजे केझायाच्या भावाच्या नावे. तो येईपर्यंत तिने ते सांभाळायचं. विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, आणि रोज जेवताना त्याचं ताट मांडायचं.

"अहो, त्याला आरमाराच्या सक्तीच्या भरतीवाल्या टोळीने उचलून नेलं त्याला जमाना झाला," आई म्हणाली. "जिवंत तरी आहे का तो?"

"मेल्याचा कागद नाही ना, बाई. म्हणजे कायद्याने जिवंत," असं म्हणून वकिलाने टोपी घातली.

केझायाला जे ठाऊक होतं, ते तिने मागाहून माझ्या आईजवळ काढलं. शेवटच्या दुखण्यात बापाने तिचं मनगट घट्ट धरलं होतं.

"रूबेन कोळशाच्या कोठीत लपलाय, हे त्या टोळीला मीच सांगितलं," तो म्हणाला होता. "माझ्यावर हात उचलला होता त्याने. म्हटलं, चार दिवस खारं पाणी पिईल आणि ताळ्यावर येईल."

केझायाने ताट मांडायला सुरुवात केली. कारखान्यातले कारागीर मात्र एकेक करून निघून गेले. आपण हात थांबवला तरी कोपऱ्यात कुणीतरी फळी तासतच राहतं, म्हणायचे. मला हसू यायचं. मग एका दुपारी, कुलूप घातलेल्या दाराआडून, मीही ते ऐकलं. केझाया माझ्याजवळ बसून मटार सोलत होती.

"हाक मारू नकोस," ती म्हणाली. "हाक मारली की रूबेन थांबतो. मग ती शांतता फार ऐकू येते."

दोरखंड वळणाऱ्या अँब्रोजने तिला मागणी घातली होती. "हे घर सोडून कशी येऊ?" एवढंच ती म्हणाली. त्याने बरीच वाट पाहिली आणि शेवटी दुसरीशी लग्न केलं.

केझायाचे केस पिकल्यावर एक खलाशी दारात आला. रापलेला, एका पायाने अधू. "केझी, मी रूबेन," म्हणाला. तिच्या आईचं नाव, जिन्याची मोडकी पायरी, लहानपणचा कुत्रा, सगळं त्याने बरोबर सांगितलं.

तिने त्याला बसवलं, मटणाचं कालवण वाढलं, आणि तो अर्धं जेवल्यावर विचारलं, "माझा भाऊ कसा गेला?"

त्याने चमचा खाली ठेवला.

"तापाने," तो म्हणाला. "आम्ही शेजारी झोपायचो. घराखेरीज दुसरं बोलायचा नाही. मला घर नव्हतं, म्हणून ऐकत राहायचो."

"बाबांचं नाव घ्यायचा?"

"रोज. म्हणायचा, कुणीतरी चुगली केली. म्हाताऱ्याला कळलं असतं तर टोळीच्या आडवा पडला असता."

दुसऱ्या दिवशी केझायाने त्याला वकिलाकडे नेलं आणि शपथेवर सांगितलं, "हा माझा भाऊ."

"अगं, रूबेनचे डोळे निळे होते!" साक्षीला आलेली आई तिच्या कानाशी कुजबुजली.

"समुद्राने धुतले असतील," केझाया म्हणाली. किल्ल्या तिने त्या माणसाच्या हातावर ठेवल्या, आणि कपड्यांचं गाठोडं घेऊन पिकरिंगला निघून गेली. तिथून समुद्र दिसत नाही.

तो माणूस वाईट नव्हता. पण त्या घरात तो टिकला नाही. एकदा आमच्या ओट्यावर येऊन बसला, पांढराफटक.

"तो मला माझ्या नावाने हाक मारतो," म्हणाला. "खऱ्या नावाने. जहाजावर मारायचा तशी."

आठवड्याच्या आत तो बोटीवर चढला, दार उघडंच टाकून. पिकरिंगच्या बाजारात मी केझायाला हे सांगितलं. ती पाव निवडत होती.

"रागावला होता का तो हाक मारताना?" तिने विचारलं.

"नाही. आनंदाने मारतो, म्हणाला."

तिने पाव टोपलीत ठेवला, शाल डोक्यावरून ओढून घेतली आणि मला न सांगताच व्हिटबीच्या वाटेने चालू लागली.