आप्पांचं पोटॅशियम चॅनल

माझी पीएचडी पोटॅशियम चॅनलवर आहे असं घरी सांगितलं, तेव्हा माझ्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, एवढंच विचारलं, ‘कन्नड हाय का मराठी?’

कर्नाटक सीमेवरच्या आमच्या सदलग्यात हा प्रश्न रास्तच. मी डोक्याला हात लावला. म्हटलं, आप्पा, ही टीव्हीवरची नव्हेत, लघवीच्या पिशवीच्या स्नायूतली बारीक दारं आहेत. त्यांतून पोटॅशियम बाहेर गेलं की स्नायू निवांत बसतो. दारं किती बनवायची हे जनुकाच्या हातात. त्यानं हात आखडता घेतला की पिशवी जराशी भरली तरी स्नायू आवळतो आणि माणूस पळत सुटतो.

‘म्हंजे माझं जनुक कामचुकार हाय म्हण की!’

खरंच होतं ते. आप्पा बँकेत नंबर आला की पळायचे, लग्नात अक्षता हातात घेऊन पळायचे. दवाखान्यात चला म्हटलं की म्हणायचे, ‘तुझा शोध लागू दे की.’

माझ्या शेवटच्या तोंडी परीक्षेला मात्र त्यांना बेळगावला यायचंच होतं. बसमध्ये मी पाण्याची बाटली पुढं केली की मान फिरवत. ‘आज पळायचं न्हाय. पोरीची इज्जत हाय.’ भर उन्हाळ्यात हा हट्ट! मला असा राग आला होता.

हॉलमध्ये ते पहिल्या रांगेत बसले. मी आलेख दाखवले: दारं कमी, आकुंचन जास्त. शेवटी मार्गदर्शक बाईंनी विचारलं, ‘कुणाला काही शंका?’ आणि आप्पा उभे राहिले.

सगळा हॉल वळून बघायला लागला. आप्पांनी धोतर सावरलं आणि धारवाडहून आलेल्या वयस्कर परीक्षकांना अगदी अदबीनं कन्नडमध्ये विचारलं, ‘बाथरूम एल्लैत्री?’ बाथरूम कुठाय?

हॉल खदखदून हसला. आप्पांचा चेहरा इतका उतरला की मला रडूच फुटणार होतं. तेवढ्यात परीक्षकच उठले. ‘बर्री, नानू बर्तीनी,’ चला, मीही येतो, असं म्हणत त्यांनी आप्पांचा हात धरला आणि दोघं लगबगीनं बाहेर गेले.

परत आले ते गप्पा मारतच. ‘मला काही विचारायचं नाही,’ परीक्षक म्हणाले, ‘विषय पटला.’

चहाच्या वेळी आप्पा माझ्याजवळ सरकले. ‘तेंचं बी जनुक कामचुकार हाय गं! गोळी घेत्यात म्हणं. उद्या जाऊया दवाखान्यात.’ मग हात पुढं केला. ‘ती बाटली दे. सकाळपास्नं लई तहान लागलीया.’

बाटली त्यांनी एका दमात संपवली.