वैजनाथकाकांचे कान

हडपसरच्या टोकाला बसगाड्यांचं एक आवार आहे. तिथल्या गाड्या रोज खराडीच्या आयटीवाल्यांची ने-आण करतात आणि त्या गाड्यांची दुखणी गेली अठ्ठावीस वर्षं वैजनाथकाका बरी करतात. काका मूळचे परभणीकडचे. आले तेव्हा हातात एक पिशवी होती आणि अंगात कामाची खुमखुमी. पिशवी केव्हाच फाटली, खुमखुमी अजून शाबूत आहे.

एके काळी काकांचा कान म्हणजे आवारातलं शेवटचं कोर्ट होतं. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाशी धरायची आणि डोळे मिटून सांगायचं, "तिसरा नोझल." उघडलं की डिझेल फवारणारा तिसराच नोझल बिघडलेला निघायचा. पण ज्यांचं इतकं ऐकलं, त्या इंजिनांनीच शेवटी त्यांचे कान खाल्ले. दोनेक वर्षांपासून समोरचा ओठ हलवतो आणि काका अंदाजाने "हो, हो" म्हणतात. डॉक्टरांनी मशीन दिलं होतं. ते कानात शिट्ट्या मारतं, म्हणून काकांनी त्याला खिशात बसवून ठेवलंय.

मालक अवधूत कसबा पेठेतला. गाड्या वडिलांनी घेतलेल्या, आणि जिभेची धारही त्यांच्याकडूनच आलेली. गणपती उठल्यावर त्याने सगळ्यांसमोर फर्मान काढलं, "काका, दिवाळीपासून तुम्ही स्टोअरमध्ये बसा. नटबोल्ट बोलत नाहीत, तेव्हा ऐकू येण्याचा प्रश्न नाही."

सगळे हसले. काकाही हसले, कारण त्यांना ऐकूच आलं नव्हतं. आनंद नावाच्या नव्या मेकॅनिकने नंतर ते सावकाश समजावून सांगितलं, तेव्हा मात्र त्यांचं हसू मावळलं. घरी बायको, सुशीलाबाई, म्हणाल्या, "बसून काम मिळतंय, बरंच झालं की." काका ताटावरून उठले. "बसून राहायला मी काय आजारी हाय का?" इंजिनाला हात लावायचा नसेल, तर सकाळी उठायचं तरी कशासाठी, हे त्यांना खरंच कळत नव्हतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बत्तीस नंबरची बस अडून बसली. ही आवारातली सगळ्यात जुनी गाडी, अवधूतच्या वडिलांच्या वेळची. दसऱ्याला धुऊन-पुसून, झेंडूची माळ घालून नटवलेली. चावी फिरवली की इंजिन जोमाने गरगरायचं, पण पेटायचं काही नाव नाही. खराडीच्या फेरीला दुसरी बस पाठवावी लागली.

आनंद पोरगा हुशार. त्याने टाकी पाहिली, भरलेली. फिल्टर नवा. हातपंप मारून डिझेलच्या लाइनमधली हवा काढली. मग इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपावरच्या सोलेनॉइडकडे वळला. हा डबीएवढा भाग म्हणजे डिझेलचा दरवाजा. करंट आला की उघडणार, गेला की बंद. चावी लावताच त्यातून स्वच्छ 'टक्' ऐकू आलं. आनंदने हात झटकले आणि शेजारी उभ्या अवधूतला म्हणाला, "सर, सोलेनॉइड ओके आहे. पंपच गेलाय. काढून दुरुस्तीच्या शॉपमध्ये पाठवू. चार-पाच दिवस जातील."

काका मागे उभे राहून बघत होते. आनंदने पंपाला पाना लावलेला पाहून त्यांना राहवलं नाही. "पंप खोलू नका. आधी मला बघू द्या."

अवधूतने घड्याळ पाहिलं आणि त्यांना समजेल असं सावकाश म्हणाला, "अर्धा तास देतो. नाही झालं, तर स्टोअरची खुर्ची दिवाळीपर्यंत रिकामी ठेवायची गरज नाही. आजच बसा."

हे मात्र काकांना शब्दन् शब्द कळलं. त्यांनी मान हलवली. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना एका इंजिनाची भीती वाटली.

आधी ते मागे गेले आणि सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरला. ड्रायव्हर नागोरावांनी स्टार्टर मारला. हाताला नुसती हवा लागली. ना पांढरा धूर, ना डिझेलचा वास. म्हणजे डिझेल इंजिनाच्या पोटात पोचतच नव्हतं. इथवर आनंदचं बरोबर होतं. मग काका ड्रायव्हरशेजारचं इंजिनाचं झाकण उघडून सोलेनॉइडवर वाकले.

"अहो काका, त्याचं टक् वाजतंय की!" आनंद ओरडला.

"वाजत असंल बाबा. मला कुठं ऐकू येतंय?" काका म्हणाले आणि त्यांनी सोलेनॉइडच्या दांड्यावर बोट ठेवलं. कान गेले तसा हा माणूस बोटांनी ऐकायला शिकला होता. नागोरावांनी चावी लावली. दांडा आत खेचला गेला, दरवाजा उघडला. इथवर ठीक. "आता मार स्टार्टर."

इंजिन गरगरलं, गाडी थरथरली, आणि काकांच्या बोटाखाली दांडा हलकेच मागे सरकला. दरवाजा बंद! त्या गरगराटात दुसरं 'टक्' कुणाच्या बापाला ऐकू आलं नसतं. सगळ्यांनी चावी लावून तपासलं होतं, स्टार्टर मारताना कुणीच नाही.

काकांनी मान वर केली आणि त्यांची नजर समोरच्या नागनाथाच्या फोटोवर गेली. फोटोपुढे एक लाल बल्ब होता. "परत मार." स्टार्टर लागला आणि बल्ब पार मालवला. बाकीचे दिवे मंदावले, पण जळत राहिले.

"नागोराव, देवाचा दिवा विझायलाय बघ. कुठनं घेतलाय हा?"

नागोरावांचा चेहरा पडला. ते काकांच्या कानाशी येऊन मोठ्याने म्हणाले, "गेल्या वर्षी दसऱ्याला लावला काका. म्हटलं, चावी लावली की आधी देवापुढं उजेड पडावा. हात घातल्यावर जी वायर सापडली, ती कापली आन् तिलाच जोडला."

ती वायर नेमकी सोलेनॉइडची होती. काकांनी डॅशबोर्डखाली हात घालून जोड बाहेर ओढला. नुसता पीळ दिलेला, वर चिकटपट्टी, आत काल गाडी धुतलेलं पाणी, आणि तांब्यावर वर्षभराचा हिरवा गंज. गाडी उभी असताना जेमतेम करंट जायचा. हादरा बसला की जोड सुटायचा.

काकांनी कुजका तुकडा कापला, वायर नीट जोडून पट्टीने घट्ट बंद केली, आणि देवाच्या दिव्याला वेगळी वायर, वेगळा फ्यूज दिला. "देवाला उजेड पाहिजेच. पण दुसऱ्याच्या ताटातला नको."

नागोरावांनी चावी फिरवली. दुसऱ्याच गरक्याला बत्तीस नंबर धडधडून उठली. काकांच्या तळपायातून ती थरथर गुडघ्यात चढली, गुडघ्यातून छातीत, आणि म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. लाज न बाळगता त्यांनी ते बाहीला पुसले. आनंदने तर त्यांना मिठीच मारली.

अवधूत बसमध्ये चढून काकांच्या अगदी समोर उभा राहिला. नजर चुकवून पुटपुटला, "काका, चुकलं माझं. तुम्ही इंजिनावरच राहा."

नागोरावांनी इंजिन बंद केलं होतं, आवार चिडीचूप होतं, आणि अवधूतचे ओठ काकांच्या डोळ्यांपुढे वीतभर अंतरावर होते. काकांना सगळं कळलं होतं. त्यांनी शांतपणे तळहात कानामागे धरला.

"जरा मोठ्यानं बोला साहेब. मला ऐकू येत नाही."

आणि अवधूतला ते सगळं आवारभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने पुन्हा म्हणावं लागलं.