बोलेटचे दंड आणि थोरचे डोळे

कोपनहेगनातल्या निम्म्याअधिक चितारी लोकांना बोलेटचे दंड पाठ होते. तोंड मात्र एकाच्याही लक्षात नव्हतं.

ती बसायची गामल स्ट्रँडवर, कालव्याच्या काठी, पुलाच्या अगदी कोपऱ्याला. सगळ्या मासळीबाजारात त्या कोपऱ्याला तोड नव्हती. पुलावरून उतरणाऱ्या गिऱ्हाइकाचं पहिलं पाऊल तिथंच पडे, आणि बोलेटच्या हाका ऐकल्यावर दुसरं पाऊल टाकायची त्याची छाती होत नसे. तिच्या सासूची ती जागा. घराण्याच्या रीतीनं ती मोठ्या सुनेकडं आली होती. धाकटी सून अबेलोने शेजारी बसायची, वारा नाकातोंडात जाईल अशा जागी. हे तिला बावीस वर्षं सलत होतं.

स्कोव्सहोवेद या कोळ्यांच्या गावच्या बायका पहाटे पाठीला पाटी बांधून शहराकडं निघत. अडीच तासांची चाल. बोलेटची पाटी इतर दोघींच्या पाट्या मिळून होईल एवढी. शिवाय हिवाळ्यात सुका कॉड मासा कुटायचं काम तिचंच. तो कॉड म्हणजे निव्वळ लाकूड. दगडावर ठेवून मोगरीनं तासभर बडवावा, तेव्हा कुठं तो माणसाच्या दाताला वश व्हायचा. ती मोगरी उगारून उभी असतानाच आयलर ब्रान्ड्रुप नावाचा चितारी पुलावरून चालला होता. तो थबकला, आणि मागून येणारा हातगाडीवाला त्याच्यावर आदळला.

त्या दिवसांत सगळ्या चितारी लोकांना एकच वेड लागलं होतं. ग्रीक देव पुरे झाले, आता आपल्या वाडवडलांचे देव काढायचे. थोर, ओडिन, फ्रेया, इडुन. पण चित्रशाळेत उभा राहायला ठेवलेला म्हातारा शिपाई तीस वर्षं ग्रीक देव होऊन वाकला होता. त्याच्या हातात थोरचा हातोडा दिला की सुपारी फोडायला निघाल्यासारखा दिसायचा. ब्रान्ड्रुपनं टोपी काढली आणि बोलेटला विचारलं, तुमचे दंड मिळतील का?

"मासळीबरोबर फुकट मिळत्यात," बोलेट म्हणाली. "काय देऊ? वाम का लेप?"

समजूत पटायला आठवडा गेला. मग ती बाजार उठला की त्याच्या माडीवर जाऊ लागली. तिथं शेगडी धगधगत असे आणि कॉफीत साखर पडे. पहिलं चित्र होतं थोर होडीतून गळ टाकून समुद्रातल्या विश्वसर्पाला ओढतो ते. ब्रान्ड्रुपनं तुळईला दोर बांधून तिच्या हाती दिला आणि म्हणाला, ओढा. तिनं त्याची आधीची रेखाटनं पाहिली आणि तिला हसू आवरेना. असा दोर धरला तर थोरच सर्पाच्या पोटात जाईल, म्हणाली. गुडघा होडीच्या काठाला रोवायचा आणि दोराला मुठीवर एक पीळ द्यायचा, हे तिनं देवाला शिकवलं. चित्र गाजलं. जाणकारांनी मान डोलावली, की समुद्राची अशी जाण क्वचित दिसते.

थोरची दाढी दारूभट्टीच्या एका गाडीवानाची होती, छाती एका लोहाराची, दंड बोलेटचे. तिघांच्या भागीदारीत एक देव उभा राहिला.

पुढं नऊ वर्षं हेच चाललं. थोरचे हात तिचे. समुद्रात जहाज लोटणाऱ्या राक्षसिणीची पाठ तिची. शिंग फुंकणाऱ्या देवाचं मनगटही तिचंच. देवींची तोंडं मात्र नाटकशाळेतल्या नाचणाऱ्या पोरींची, नाहीतर कुणा वकिलाच्या लेकीची. एकदा इडुन काढायची होती. तीच ती, जिच्या टोपलीतली सफरचंदं खाऊन देव तरुण राहतात. बोलेटनं आडून सुचवलं, की टोपली सांभाळायची सवय आपल्याला आहेच. ब्रान्ड्रुपनं तिच्याकडं बराच वेळ पाहिलं, मग ब्रश पुसला, मग दुसरा ब्रश पुसला, आणि म्हणाला की इडुनला जरा वेगळं काहीतरी लागतं.

"सफरचंदंच ना? मी आणीन की," बोलेट म्हणाली.

त्यानं तिसरा ब्रश पुसायला घेतला. तिनं तो विषय पुन्हा काढला नाही. पण त्या दिवशी परतताना अडीच तासांची वाट साडेतीन तासांची झाली.

दर वसंतात शार्लोटेनबोर्गला चित्रांचं प्रदर्शन भरे आणि बोलेट नवऱ्याला, डिटलेव्हला, घेऊन जाई. डिटलेव्ह मासे धरण्यात वस्ताद, पिण्यातही वस्ताद, बोलण्यात मासाच. ती त्याला दाखवी, ते कोपर माझं. तो मान हलवी. बाजारात येऊन ती हे सांगे तेव्हा अबेलोने ऐकून घेई. अबेलोनेचं तोंड खरोखर देखणं होतं, बांगड्यासारखं चकचकीत, आणि आतली जीभ सुरीसारखी.

नवव्या वर्षी जानेवारीत, सगळा धक्का ऐकत असताना, तिनं सुरी चालवली.

"जाऊबाई, खाटकाच्या दुकानात गाईची तंगडी टांगत्यात. लोक म्हणत्यात, काय झकास तंगडी! पन गाईचं तोंड कुणी पुसतंय का?"

बायका खिदळल्या. बोलेटच्या हातात त्या वेळी मोगरी होती, पण ती तिनं खाली ठेवली. हीच तिची चूक झाली. मोगरी हातात असती तर तोंड गप्प राहिलं असतं.

"औंदा माजं तोंड भितीवर लागंल," ती म्हणाली. "न्हाई लागलं तर हा कोपरा तुजा. सगळ्यांच्या साक्षीनं सांगत्ये."

धक्क्यावरचा शब्द म्हणजे मोजून दिलेली मासळी, परत घेता येत नाही. संध्याकाळी डिटलेव्हला हे कळलं तेव्हा तो जाळं विणता विणता थांबला. आईची जागा, एवढंच म्हणाला. बोलेटला रात्रभर वाऱ्याकडेची ती दुसरी जागा दिसत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती माडीवर गेली, तर तिथं भलतंच रामायण चाललेलं. दारूभट्टीचा गाडीवान नवरीच्या वेषात उभा होता. चेहऱ्यावर जाळीचं झिरझिरीत वस्त्र, त्यातून दाढी बाहेर, आणि मान खाली. राक्षसांचा राजा थ्रिम थोरचा हातोडा चोरतो आणि म्हणतो, फ्रेया मला बायको म्हणून द्या, तर हातोडा मिळेल. मग थोरच नवरी बनून जातो, पंगतीत बसून एक अख्खा बैल आणि आठ साल्मन मासे फस्त करतो. थ्रिम लाडात येऊन मुका घ्यायला वस्त्र उचलतो आणि आतले ते डोळे पाहून दिवाणखान्याच्या पार दुसऱ्या टोकाला उडतो. ब्रान्ड्रुपला नेमका तो क्षण हवा होता. पण गाडीवान एरवी बैलासारखा डुरकणारा माणूस, नवरीचा वेष चढवला की खरोखरीच लाजत होता. नाकाचा शेंडा लाल झाला होता. भट्टीवरच्या गड्यांना कळलं तर मला गाव सोडावं लागेल, असं पुटपुटत तो कपडे उतरवून पळाला, तो परत आलाच नाही.

ब्रान्ड्रुप खुर्चीत कोसळला. बोलेटनं खाली पडलेलं वस्त्र उचललं, झटकलं, डोक्यावर घेतलं आणि गाडीवानाच्या जागी जाऊन बसली.

"आठ साल्मन खानारी बाई म्या बघितलीया," म्हणाली. "माजी सासू. काढा."

सर्व जमलं. खांदे असे, की नवरीच्या शिवणी उसवतायत असं वाटावं. थ्रिम, मागचे राक्षस, दासी बनून आलेला लबाड लोकी, सगळे तीन आठवड्यांत कापडावर उतरले. राहिले फक्त डोळे.

आणि डोळ्यांचंच जमेना. कारण बोलेट खूश होती. नऊ वर्षांनी कुणीतरी तिच्या तोंडाकडं टक लावून बघत होतं. जाळीआडून तिची नजर अशी काही मऊ यायची, की थ्रिमनं घाबरून उडावं कशाला, तिथंच लग्न उरकावं. ब्रान्ड्रुप रंग लावी, खरवडून काढी. रागवा हो बाई, म्हणे. तिनं डिटलेव्हच्या पिण्याचा विचार करून पाहिला, तर तिला त्याची कीव आली. अबेलोनेचा विचार केला, तर त्या तंगडीच्या टोमण्याचं आता हसूच येऊ लागलं. कोपरा जाईल, हा विचार केला तर डोळ्यांत पाणी आलं, आणि रडणारा थोर काही कामाचा नव्हता.

प्रदर्शनाला चित्रं पोचती करायला एकच दिवस उरला. ब्रान्ड्रुप ती येताच म्हणाला की उद्या दुपारपर्यंत नाही झालं तर तो त्या गाडीवानाच्या जुन्या चित्रातले डोळे उचलून बसवील. बोलेटनं शेगडीवर तवा ठेवला. येताना पाटीतला सगळ्यात चांगला लेप तिनं त्याच्यासाठी आणला होता. लोण्यात तळून त्याच्यापुढं ठेवला, पुन्हा वस्त्र ओढलं आणि जागेवर बसली.

ब्रान्ड्रुप युटलंडातल्या शेतकऱ्याचा मुलगा. मासा आकाशातून पडतो की झाडाला लागतो, याचा त्याला पत्ता नव्हता. चित्राकडं बघत त्यानं काट्यानं मासा दाबला, एक घास घेतला आणि दुसरंच काही मनात चालू असताना विचारलं,

"कालचा आहे का हो?"

गामल स्ट्रँडवर तुम्ही बाईच्या नवऱ्याला दारुडा म्हणू शकता, पोराला चोर म्हणू शकता. ती दोन शिव्या घालील आणि मासळी तोलून देईल. पण मासळीला कालची म्हणणारा माणूस त्या धक्क्यावर अजून जन्मला नव्हता. जन्मला असलाच, तर कालव्यात होता.

बोलेटनं नुसती मान वर केली.

ब्रान्ड्रुप खुर्चीसकट मागं गेला. टर्पेंटाइनची बाटली लवंडली, ताटली फुटली, आणि तो थेट भिंतीला टेकला. मग त्याच्या तोंडून शब्द फुटले ते असे:

"हलू नका. देवाशपथ हलू नका!"

तो ब्रशावर झेपावला. आणि बोलेट हलली नाही, पण आता तिचं तोंड सुटलं. पहाटे चारला हा मासा होडीखाली पाण्यात टांगलेल्या भोकांच्या पेटीत जिवंत पोहत होता. माझ्या नवऱ्यानं तो स्वतःच्या हातानं काढला, शहराच्या वेशीपर्यंत तो पाटीत शेपटी मारत होता, अजून तव्यावरही मारली असती. तुमच्या बापानं कधी ताजा मासा बघितला होता का. जाळीचं वस्त्र तिच्या श्वासानं पुढं उडत होतं, मागं येत होतं. पाऊण तास ती बोलली आणि पाऊण तासात डोळे झाले. उतरताना जिन्यात थांबून तिनं विचारलं, की चितारीबुवा, मुद्दाम म्हणालात का? त्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं की नाही. ते खरंच होतं, आणि म्हणूनच तिचा राग वेशीपर्यंत टिकला.

प्रदर्शन उघडल्यावरच्या पहिल्या रविवारी अख्खा धक्का शार्लोटेनबोर्गला लोटला. हिरवे घागरे, डोक्याला पांढरे रुमाल. सभ्य लोक नाकाला रुमाल लावून बाजूला झाले. चित्रापुढं एक गंमत चालली होती. लोक जवळ येत, वाकून बघत, आणि नकळत एक पाऊल मागं सरत. तिथल्या फरशीवर रेघ मारल्यासारखी जागा रिकामी पडली होती.

अबेलोने ती रेघ ओलांडून पुढं गेली. बराच वेळ पाहिलं.

"डोळे हैत," ती म्हणाली. "बाकी कापड. कापडाखाली दाढी. खाली लिवलंय थोर. ह्याला तोंड म्हनत न्हाईत, जाऊबाई. कोपरा माजा."

बायकांत कुजबुज झाली. हिशोबानं अबेलोनेचं चूक नव्हतं. बोलेटनं चित्राकडं पाहिलं. तिथं जाळीआड खरंच फक्त दोन डोळे होते, आणि डोळे कुणाचे हे ठरवायचं कसं? तिची बोटं घागऱ्यात गुंतली.

तेवढ्यात डिटलेव्ह आला. तो बंदरावरून परस्पर येत होता, वाटेत एका ठिकाणी बसून. गर्दीतून वाट काढत पुढं आला, चित्रासमोर आला आणि जागच्या जागी खिळला. हळूच टोपी काढली. मग चित्राला उद्देशून, अगदी खालच्या आवाजात म्हणाला,

"एकच घेतलीया गं. पाव्हना व्हता, न्हाई म्हनता येईना."

सगळा धक्का असा हसला, की पहारेकरी धावत आला. डिटलेव्हनं वळून पाहिलं, तर खरी बोलेट त्याच्या मागंच उभी. तो बिचारा दोघींच्या मध्ये सापडला.

अबेलोनेही हसली. हसावंच लागलं. नवऱ्यानं ओळखलं, त्यावर कुणाचा दाखला मागायचा? कोपरा तुजाच बाई, म्हणाली, आणि डोळे पुसले.

पुढं लाकडी ठोकळा कोरून ते चित्र एका पंचांगात छापलं गेलं. स्कोव्सहोवेदच्या घराघरांत ते पान लागलं. बोलेटनं ते आपल्या चुलीच्या वर भिंतीला लावलं. डिटलेव्हनं दुसऱ्याच दिवशी खुर्ची फिरवून घेतली, पाठ चुलीकडं. पाठीला ऊब लागते, असं त्यानं कारण सांगितलं.

मे महिन्यातल्या एका सकाळी गिऱ्हाईक नव्हतं. अबेलोने वामा सोलत होती. मान वर न करता तिनं विचारलं, तुज्या चितारीबुवाला ती सफरचंदवाली देवी अजून हवी हाय का, का मिळाली कुणी.

बोलेटनं तिच्या तोंडाकडं पाहिलं. वाऱ्यानं गाल लाल झाले होते. खोटं कशाला, देखणं होतं.

"इचारते," ती म्हणाली. "पन सफरचंदं तुजी तुला न्यावी लागतील. आन त्यानं कालची म्हटली, तर रागावू नगंस. तुला तिथं गोड दिसायचंय."