उलटे काकाजींचा ठसा

उलटे काकाजी म्हणजे हातात येईल ती वस्तू आधी उलटी करून पाहणारा माणूस. नवी चप्पल असो, डबा असो, नाहीतर कोणाची पिशवी. एकदा चहाचा भरलेला कपच उलटा केला आणि वर मलाच म्हणाले, "सांगाचं न बाप्पा, भरला हाये म्हून!" अख्खं पांढुर्णं त्यांना उलटे काकाजी म्हणायचं आणि ते ओ द्यायचे.

खोड धंद्यातली. स्टेशनच्या रस्त्यावरच्या त्यांच्या दुकानात आधी पोळ्याच्या घुंगरमाळा व्हायच्या. चामड्याच्या पट्ट्यावर घुंगरू असा बसायचा की बैल उधळला तरी सुटायचा नाही. ते पाहून नागपूरच्या एका नेमबाजाने काडतुसांचा पट्टा करून मागितला. शिकारी नव्हे हो, हवेत उडवलेल्या मातीच्या थाळ्या फोडणारा खेळाडू. तेव्हापासून काकाजी तेच करू लागले. पार भोपाळहून लोक यायचे.

माझं माहेर सौंसरचं, संत्र्याच्या बागेतलं. सासर पांढुर्ण्यात, काकाजींच्या दुकानामागे. पिशवीचा बंद शिवून घ्यायला गेले आणि तिथेच काम शिकायला बसले. चामड्याला हात लावते म्हणून सासूबाईंनी मला देवघर बंद केलं, जावेने पंगतीत शेजारी बसणं सोडलं. मी म्हटलं, राहू द्या. मला ते काम आवडायचं, बस.

पट्ट्यावर प्रत्येक काडतुसाचं एक घर असतं. ओल्या चामड्यात काडतुसाएवढ्या, संत्र्याच्या लाकडाच्या खुंट्या घालायच्या आणि सावलीत वाळवायचं. "सैल झालं तं काडतूस पडते, घट्ट झालं तं वेळेवर निघत नाई. मंग त्या खेळाडूनं कोनाच्या नावानं बोंबलावं?" असं काकाजी म्हणायचे. वाळला की पट्टा उलटा धरून झटकायचे. एक खुंटी पडली तरी सगळे टाके उसवायला लावायचे. माझे तर इतक्यांदा उसवले की मी एकदा कात्री फेकून घरी गेले. दुसऱ्या दिवशी मुकाट परत आले. झटकून टिकलेल्या पट्ट्यावरच त्यांचा ठसा बसायचा: बैलाची दोन शिंगं. ठसा म्हणजे त्यांची जबान, असं गिऱ्हाईकं म्हणायची.

गोटमारीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या दगडफेकीला, सगळं गाव नदीवर होतं आणि आम्ही दोघं दुकानात. काकाजींनी माझा पट्टा झटकला. पुन्हा झटकला. काही पडलं नाही. त्यांनी ठसा माझ्या हातात दिला. "मार," म्हणाले. पुढच्या शनिवारी जामसांवलीला मारोतीसमोर हात जोडून म्हणाले, "मी गेल्यावर ठसा या पोरीचा." मी तिथेच रडले. वाटलं, देवघर बंद झालं ते फुकट नाही गेलं.

मग त्यांचे गुडघे धरले आणि दुकान माझ्यावर सोडून ते नदीपलीकडे सावरगावला घरीच बसू लागले. ठसा बरोबर नेला. "झिजला हाये, नवा करून आनतो," म्हणाले. मी महिनोन्महिने वाट पाहिली. विचारलं की म्हणायचे, "करून राहिलो न." आणि मी येडी, विश्वास ठेवत होते!

गेल्या हिवाळ्यात भोपाळची एक नेमबाज पोरगी दुकानात आली आणि पट्टा समोर आपटला. "दीदी, ऐन स्पर्धेत सगळी काडतुसं पायाशी पडली. निशान तो आपका ही है ना?" पट्टा रेक्झिनचा, आणि त्यावर आमची शिंगं. मी तिच्याकडून पट्टा मागून घेतला, त्यात खुंट्या भरल्या आणि पूल ओलांडून सावरगाव गाठलं.

"काकाजी, ठसा कुठी हाये?"

"नागपूरच्या व्यापाऱ्याले देल्ला."

"मारोतीसमोर बोलले होते तुमी!"

जामसांवलीचा मारोती निजलेला आहे हे खरं, पण म्हणून त्याला ऐकू येत नाही असं थोडंच आहे?

काकाजी शांतपणे म्हणाले, "बंदुकीच्या कामावर बाईचं नाव चालत नाई, पोरी. तुया हात चांगला हाये. टाके मारत जाय. ठसा मानसाच्या हाती पायजे."

चोराने लुटलं असतं तरी इतकी आग झाली नसती. मी पट्टा त्यांच्या मांडीवर टाकला. सवयीने त्यांनी तो उलटा धरून झटकला आणि सगळ्या खुंट्या जमिनीवर सांडल्या. ते वाकून खाटेखालून एकेक वेचू लागले. गुडघे दुखत होते, कण्हत होते. मी मदत केली नाही.

उन्हाळ्यात ते गेले. मी त्यांच्या मातीला गेले, पण रडू आलं नाही.

आता माझ्या पट्ट्यांवर कसलाच ठसा नसतो. ती भोपाळची पोरगी माझ्याकडूनच पट्टा करून घेऊन गेली, आणखीही काही जणी येतात. पट्टा वाळला की मी उलटा धरून झटकते. एकही खुंटी पडत नाही आणि तोंडातून निघून जातं, "पाहा काकाजी." मग स्वतःचाच असा संताप येतो! त्या माणसाने मला फसवलं, आणि मला अजून त्यालाच दाखवायचं असतं.