फोनची पांढरी केबल

जळकोटच्या आमच्या घरात महामार्ग मला कानांनी कळतो. माझ्या लेकीला टेबलावर टेकलेल्या तळहातांतून. तिला जन्मापासून ऐकू येत नाही.

कॉलेज प्रवेशाच्या ऑनलाइन मुलाखतीसाठी मी दोन मोठ्या स्क्रीन मांडल्या होत्या. एकीवर सराव घेणाऱ्या बाई, दुसरीवर त्यांचे बोलणे खुणांच्या भाषेत सांगणाऱ्या दुभाषी. दोन्ही स्क्रीन आणि कॅमेरा एका डॉकला, म्हणजे सगळ्या तारा एकत्र घेणाऱ्या डबीला, जोडलेले, आणि डॉकमधून लॅपटॉपला एकच केबल. मूळची केबल काळी, जाड, वीतभर. तिच्यामुळे डॉक टेबलाच्या मधोमध बसे. मला ते खुपले. मी फोनच्या चार्जरची लांब पांढरी केबल लावली आणि डॉक मागे खिडकीत लपवला.

सरावात दुभाषींची बोटे वाफेआडून पाहावीत तशी विरघळू लागली. लेकीने दोन प्रश्नांना भलतीच उत्तरे दिली.

"घाबरू नकोस गं," बाई मायेने म्हणाल्या.

"घाबरले नाही. स्क्रीनवर त्यांचे हात तुटतायत," तिने मला खुणेने सांगितले. मला तो बहाणा वाटला.

स्क्रीन विकणाऱ्या दुकानदाराला फोन केला. "नेट लई ढिलं असंल, ताई. मोठा प्लॅन घ्या की!" घेतला. बोटे तशीच पुसट.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी लेकीने इंटरनेटच बंद केले आणि माउसचा बाण दोन्ही स्क्रीनवर फिरवला. तोही अडखळत होता. मग नेटचा काय दोष? तिचे बोट पांढऱ्या केबलवरून सरकत खिडकीपाशी पोहोचले.

"ही फोनची ना?"

"दिसायला बरी," मी हातांनी पुटपुटले.

"मग मुलाखतीला तूच बस. तूही दिसायला बरी आहेस."

फोन चार्ज करण्यापुरती ती केबल दोन स्क्रीनभर हलती चित्रे वाहू शकत नव्हती. मधली चित्रे गळत होती, आणि त्यांच्यासोबत शब्द. खणातून काळी केबल काढून लावली. संध्याकाळच्या सरावात दुभाषींच्या नखांवरची चमकसुद्धा दिसली.

"चुकलं माझं," मी छातीवर हात ठेवला.

"सरक आता. कॅमेऱ्यात येतेस."

दुसऱ्या दिवशी पहिल्या प्रश्नावर दुभाषींचे हात खाली येतात न येतात तोच लेकीचे हात उत्तर देऊ लागले. मी दाराशी उभी होते. बाहेरून उसाचा ट्रक गेला, टेबल थरथरले, पण तिची नजर दुभाषींच्या हातांवरून हलली नाही.