एकेचाळिसावी रिंग

आमच्या गाळ्यात किस्से धुळीसारखे साठतात. धूळ निदान पुसता तरी येते. गाळा डोंबिवली एमआयडीसीत, माणसं तीन: चांगली नोकरी सोडून आलेल्या मॅडम, शेजारच्या गाळ्यात लेथ चालवणारे आंबिवलीचे सावंतकाका आणि कोपरीहून येणारी मी, प्रज्ञा. औषधं तपासायची मशीनं आपण परदेशातून का आणतो, याचा मला कॉलेजपासून राग आहे. मुलाखतीतही मी तो बोलून दाखवला. मॅडम म्हणाल्या, "राग चालेल. हात स्थिर आहेत का?"

दिवाळीपर्यंत पहिलं गिऱ्हाईक मिळालं नाही तर गाळा बंद आणि मॅडम परत नोकरीवर, असं ठरलं होतं.

*

मशीन करतं काय, हे आईला समजावत होते. एकाच वजनाच्या दोन बायका वाऱ्याविरुद्ध चालल्यात. एकीची छत्री उघडी, दुसरीची मिटलेली. मिटलेली आधी पोचणार. आम्ही रेणूंना असंच वायूतून पळवतो. वजन सारखं असलं तरी आकार वेगळा असेल तर वेळ वेगळी लागते. औषधात सारख्या वजनाचं, पण भलतंच काही शिरलं असेल तर ते असं पकडता येतं.

आईने भाकरी उलटली. "म्हणजे वाऱ्यात छत्री मिटायची अक्कल कोणाला आहे, ते सांगणारं मशीन. ते मी गॅलरीतून सांगते."

*

मशीनच्या आतली हवा आधी काढून टाकावी लागते, मगच मोजका शुद्ध वायू आत सोडता येतो. आमच्या मशीनला गळती लागलेली. ती शोधायला बाहेरून हेलियम सोडून तो कुठून आत शिरतो ते बघावं लागतं आणि सिलिंडर यायला आठवडा होता. एवढं थांबणं माझ्याच्याने होत नाही. नौपाड्यात फुगेवाल्याचं दुकान गाठलं.

"बड्डे कितवा?" त्याने विचारलं.

मशीन दीड वर्षाचं होतं, मी तेच सांगितलं. त्याने दोन फुग्यांवर "१" आणि "½" काढून दिलं, मनापासून.

"½" वाला फुगा सोडता सोडता गळती सापडली. मी स्वतः बसवलेल्या झाकणाला. आठ बोल्ट मी घाईत ओळीने आवळले होते, समोरासमोरचे नाही. काका एवढंच म्हणाले, "गाडीचं चाक कधी बदललं नाहीस वाटतं."

*

मग रोज अकराच्या सुमारास स्क्रीनवरच्या आलेखात एक अनोळखी टोक उगवायला लागलं, म्हणजे आत भलताच पदार्थ शिरत होता. मशीनला वास फार लवकर लागतो. मॅडमनी सूचना छापली: अत्तर, क्रीम, बाम, सुवासिक तेल सक्त मना. लॅमिनेट करून मशीनच्या तोंडाशीच चिकटवली.

टोक वाढलं. संशय काकांच्या केसांच्या तेलावर. बिचारे दोन दिवस कोरड्या डोक्याने आले, तरी टोक जागेवर. तिसऱ्या दिवशी मॅडमनी स्वतःच सूचना काढली आणि टोक गेलं. अकराला मशीनचा हीटर तापायचा आणि लॅमिनेशनचं प्लास्टिक वास सोडायचं.

नियम अजून आहे. तो लिहायला बंदी आहे.

*

रेणू धावतात ती नळी म्हणजे ओळीने लावलेल्या स्टीलच्या रिंगा. ड्रॉइंग माझं, लेथवरचं काम काकांचं, रिंगा चाळीस. नळी जोडली, सुरू केली, तर प्रत्येक रेणू गणितापेक्षा थोडा उशिरा पोचायचा. तीन आठवडे मी प्रोग्रॅम तपासला, दाब तपासला, तापमान तपासलं. मॅडमशी भांडलेसुद्धा.

एके दुपारी काका चहा घेऊन आले. नळीकडे बघून खूश झाले. "वरची एकपण लावलीस? बरं केलंस."

चाळीस सांगितल्यावर काकांनी एकेचाळीस दिल्या होत्या. आणि मी, न मोजता, पिशवीतल्या सगळ्या बसवल्या होत्या.

काढायची तर नळी उघडणं आलं, म्हणजे पुन्हा गळती आणि पुन्हा फुगेवाला. मॅडमनी गणितात लांबी बदलली. सगळ्या वेळा जुळल्या.

*

दिवाळीला पंधरा दिवस असताना ठाण्याच्या एका औषध कंपनीतून लेले साहेब आले. सोबत स्वतःची बाटली, तिच्यात सारख्या वजनाचे दोन पदार्थ मिसळलेले. अट अशी की दोन टोकं वेगळी दिसली पाहिजेत आणि तीही ओळीने दहा वेळा. मगच ऑर्डर.

नऊ मोजमापं झाली. दहावं झालं. दोन टोकं, शेजारी शेजारी, जराही हलली नाहीत.

साहेब मशीनच्या माहितीचे कागद चाळत होते. "रिंगा एकेचाळीस? पुढे कारणाचा रकाना रिकामा आहे."

आकडा खरा लिहायचा हा हट्ट माझाच होता. कारण मात्र सुचलं नव्हतं. मी मॅडमकडे बघितलं, मॅडमनी काकांकडे.

काका दारातूनच बोलले. "चाळीसवर थांबलं की काम मिटलं, साहेब. आहेरातल्या रुपयासारखा वर एक ठेवला की पुढे चालू राहतं."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. चष्मा पुसला.

"दहा झाली ना?" ते मला म्हणाले. "आता आणखी एक घ्या. सही त्याच्यावर करतो."