दोन माणसं लिहा

"बाप काय करतो?"

"ऊस तोडतो," मी इंग्रजीत सांगितलं.

ऑफिसात बसलेले सगळे हसले. एजंट तर टेबलावर थाप मारून हसला. "अगं ए, मुंबईला त्या काचेपुढं असं बोललीस तर गोरा तिथूनच हाकलून देईल. बागायतदार म्हण, बागायतदार! अन् जरा तोंड बघ कसं केलंय. शेळ्या राखायला निघालीस का अमेरिकेला?"

मुंबईला अमेरिकेच्या वकिलातीत व्हिसाची मुलाखत असती, तिची तालीम चाललती. बीडच्या बसस्टँडामागं या एजंटाचं ऑफिस. बाहेरदेशी शिकायला जाणाऱ्या पोरापोरींचे कागद करून देतो. ह्याचा बाप आमचा मुकादम. पाटोदा तालुक्यातल्या आमच्या गावातून दरसाल माझे मायबाप त्याच्याच टोळीत कारखान्यावर ऊस तोडायला जातेत.

आण्णा, म्हणजे माझे वडील, चपलांच्या रॅकजवळ फरशीवर बसलते. खुर्च्या रिकाम्या होत्या. कुणी बसा म्हणलं न्हाई, अन् म्हणलं असतं तरी ते बसले नसते. माझ्यावर सगळे हसले तवा तेबी कसनुसं हसले. मला लई राग आला. त्या लोकांचाबी अन् आण्णांचाबी.

मी परभणीला शेतकी शिकलेय. माती अन् पाणी हा माझा विषय. पुढच्या शिक्षणाला अमेरिकेतल्या एका विद्यापीठानं घेतलं, फी माफ केली, प्रयोगशाळेत कामबी दिलं. कामाचे नियम मी वाचून वाचून पाठ केलते. शिकताना आठवड्याला ठरावीक तासच काम, तेबी विद्यापीठाच्या आवारात. बाहेर काम करायचं तर आधी परवानगी, अन् तेबी आपल्या विषयातलंच. डिग्री झाल्यावर काही काळ आपल्या विषयात नोकरी करायची मुभा मिळती. पुढं एखाद्या कंपनीनं तुमच्यासाठी अर्ज केला तर दुसरा व्हिसा. नियम मोडला की खेळ खलास. शिक्षण अर्ध्यात टाकून माघारी.

पण पासपोर्ट एजंटाच्या कपाटात होता. पहिल्यांदा गेलो तवा त्यानं "कागद ठेवून जा" म्हणलं, अन् मी काही बोलायच्या आत आण्णांनी माझ्या हातातला पासपोर्ट घेऊन दोन्ही हातांनी त्याला दिला. आमच्याकडं तशीच रीत हाय. दिवाळीच्या आधी मुकादम येतो, घरोघरचं आधारकार्ड, पासबुक गोळा करून नेतो, ते हंगाम संपल्यावर मिळतं. कागद मुकादमाकडं गेला म्हणजे काम पक्कं झालं, असं आण्णा समजतेत. त्यांना वाटलं, पोरीचंबी पक्कं झालं.

हसणं थांबल्यावर एजंटानं आण्णांना अन् मला आतल्या काचेच्या केबिनमधी बोलावलं. "हे बघा आण्णा. माझ्या मेव्हण्याचं तिकडं मोटेल हाय. रस्त्याकडंचं लॉज समजा. पोरगी तिथं राहील. कॉलेज करून आली की खोल्या झाडायच्या, चादरी बदलायच्या. पासपोर्ट मेव्हण्याकडं राहील. तुम्हाला फिकीर न्हाई."

"सर, असं चालत न्हाई," मी म्हणले. "विद्यार्थ्याला ह्या कामाची परवानगी नसती. पकडलं तर माझा व्हिसा जाईल."

"परवानगी!" तो आण्णांकडं वळला. "कावून आण्णा, ऊस तोडायला कधी परवाना काढलाय का तुमी?"

"न्हाई मालक," आण्णा म्हणले. मालक! हा माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनीच मोठा असंल.

"मग? तुमची जात कामाची. काम दिसलं की करायचं. अन् गेवराईकडली अजून एक पोरगी चाललीय. दोघी नव्या हायत. दोघी मिळून एक कोयता धरू."

अन् आण्णांनी मान डोलावली.

एक कोयता म्हणजे काय, ते ऊसतोडीतल्या माणसाला सांगावं लागत न्हाई. नवरा अन् बायको मिळून एक कोयता. बाप तोडतो, माय मोळ्या बांधती, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढती. पहाटं उठून भाकरी तीच करती. पण टोळीत नाव बापाचं, पैशाचा हिशोबबी त्याच्याच नावावर. माय त्या कोयत्यातच मोजलेली. उभ्या जन्मात तिला कुणी पुरं एक माणूस धरलं न्हाई. मी पोटात असताना ती मोळ्या वाहत होती, तवाबी कोयता एकच होता.

एवढं शिकून, समुद्र ओलांडून, तिथंबी मी अर्धीच?

"माझा पासपोर्ट द्या," मी म्हणले.

"बाप हो म्हणालाय. तू कोण मधी बोलणारी?"

"त्याच्यावर फोटो माझा हाय. मी जाणार हाय, बाप न्हाई. दुसऱ्याचा पासपोर्ट दाबून ठेवायचा अधिकार तुमाला न्हाई. आत्ता द्या, न्हाईतर मी इथून सरळ पोलीस ठाण्यात जाते."

बाहेर बसलेली पोरं, त्यांचे मायबाप, सगळे काचेतून बघायला लागले. त्यानं कपाट उघडलं. पासपोर्ट काढला अन् टेबलावरून असा भिरकावला की तो खाली फरशीवर पडला.

"घे. उचल अन् नीघ."

आण्णा लगेच वाकले. मी त्यांचा दंड धरला. "आण्णा, हात लावू नका." मग एजंटाकडं बघून म्हणले, "तुमी टाकलाय. तुमी उचलून द्या."

मी आण्णांचा दंड सोडला न्हाई. बाहेर एका बाईनं आपल्या पोराची फाईल काउंटरवरून मागं घेतली. ते त्यानं बघितलं. मग उठला, वाकला, पासपोर्ट उचलला अन् माझ्या हातात दिला. "तुझं कसं होतंय तेच बघतो," म्हणला.

केलंच त्यानं. मुलाखतीची तारीख त्याच्याच हातात होती, ती त्यानं रद्द केली. मी सगळा अर्ज पहिल्यापासून स्वतः भरला. बापाचा धंदा: ऊसतोड मजूर. मायचा धंदा: ऊसतोड मजूर. आण्णा मातर चार दिवस माझ्याशी बोलले न्हाईत. "मोठ्या माणसाला असं वाकवतेत व्हय? औंदा काम कोण देईल आपल्याला?" एवढंच मायला म्हणले.

काल मुकादम आला. त्या एजंटाचा बाप. ओट्यावर बसला, चहा घेतला न्हाई. "तुझ्या पोरीनं माझ्या पोराला चारचौघांत खाली बघायला लावलं," आण्णांना म्हणला. "तरी मी आलोय. कार्डं आण."

माय आतून कार्डांची पिशवी घेऊन आली. मी तिच्या हातावर हात ठेवला.

"काका, नंबर लिहून घ्या," मी म्हणले. "कार्डं घरीच राहतील. अन् औंदा एक कोयता लिहू नका. दोन माणसं लिहा. मायचं नाव लिहा."

"अन् न्हाई लिहिलं तर? उपाशी मराल."

"ऊस काय तुमी एकटं तोडणार हाव का?"

तो आण्णांकडं बघत राहिला. आण्णा खाली बघत होते. मग मुकादमानं मायपुढं हात केला. मायनं आपलं कार्ड पिशवीतून काढलं, बघितलं अन् कनवटीला खोचलं.

मुकादम शिव्या देत गेला. औंदा काम मिळंल का न्हाई, मला माहीत न्हाई. माझी नवी तारीख आलीय, तिथं हो म्हणतील का न्हाई, तेबी माहीत न्हाई. न्हाई म्हणले तर परत अर्ज करीन. त्या काचेपुढं उभी राहीन अन् मायबाप ऊस तोडतेत असंच सांगीन. जिथं काम करीन तिथं कायद्यानं, माझ्या नावावर करीन, अन् माझा पासपोर्ट माझ्या पिशवीत राहील. मला कुणी अर्धी धरायला आला, तर त्यालाबी वाकून उचलायला लावीन.